रोटरी, लायन्स, गल्लीतलं मंडळ की वाचनालय? बेळगावात सेवेसाठी वेळ द्यायचा तर कुठे

नोकरीत जम बसला, मुलं जरा मोठी झाली, संध्याकाळी तास-दीड तास हाताशी उरू लागला, की आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या मनात येतं, आता चार लोकांच्या उपयोगी पडावं. नेमक्या त्याच सुमारास ओळखीतले डॉक्टर किंवा बाजारातले एखादे व्यापारी विचारतात, "आमच्या क्लबात येता का?" बेळगाव असो, निपाणी, संकेश्वर असो की गोकाक, हे आमंत्रण बहुधा रोटरीचं नाहीतर लायन्सचं असतं. गल्लीतलं मंडळ तर घराखालीच असतं, त्याला आमंत्रण लागत नाही. वाचनालयाचं नाव मात्र अशा वेळी फार थोड्यांना आठवतं.

मी यातल्या काहींमध्ये काम केलंय, काहींचं काम जवळून पाहिलंय. माझं मत आधीच सांगते. क्लबचं नाव किती मोठं यापेक्षा, फोटो काढून झाल्यावर तिथं मागे कोण थांबतं, हे बघून ठरवावं. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

रोटरीपासून सुरुवात करू. १९०५ साली पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत ही संस्था काढली आणि आजही तिचा साचा व्यवसायाभोवतीच आहे. सभासद करून घेताना तुमचा पेशा बघतात. एकाच धंद्यातली माणसं जास्त होऊ नयेत अशी मूळ कल्पना. परस्पर अर्ज करून शिरता येत नाही, आतल्या कुणीतरी नाव सुचवावं लागतं. पूर्वी आठवड्याला सभा आणि हजेरीचा कडक हिशेब असे. २०१६ नंतर नियम सैल झाले, पण महिन्यातून निदान दोन सभा होतातच. सभा म्हणजे पाहुण्यांचं भाषण, सूचना, जेवण. ज्यांना माणसांत मिसळायला आवडतं त्यांना हे छान वाटतं. ज्यांना थेट कामाला हात लावायचा असतो, त्यांना पहिले काही महिने वाटत राहतं, आपण जेवायलाच येतो की काय. थोडा धीर धरा. खरं काम सभेत नसतं, प्रोजेक्टच्या कमिटीत असतं. त्या कमिटीत स्वतःहून नाव घाला, कुणी बोलावण्याची वाट बघू नका.

रोटरीची खरी ताकद मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या कामात आहे. पोलिओचंच घ्या. १९८५ मध्ये त्यांनी जगभरातून पोलिओ घालवायचं काम हाती घेतलं. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. सरकारी आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविकांनी घरोघर पायपीट केली, आणि त्यांच्यामागे पैसा, प्रचार व स्वयंसेवक उभे करण्यात रोटरीचा मोठा वाटा होता. आजही एखाद्या दवाखान्याला डायलिसिसची यंत्रं द्यायची असतील तर परदेशातल्या क्लबाबरोबर मिळून 'ग्लोबल ग्रँट', म्हणजे रोटरीचं मोठं अनुदान, उभी करता येते. त्यासाठी प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा लागतो. हे गल्लीतल्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे मान्य करायला हवं.

आपल्या भागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट भावेल. रोटरीच्या ३१७० डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या विभागात, कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा एकत्र आहेत. एरवी कागदोपत्री तीन राज्यांत वाटलेला हा मुलूख तिथं एका मांडवात बसतो आणि कोल्हापूरच्या क्लबाबरोबर बेळगावच्या क्लबाने एखादं काम करणं अगदी सहज घडतं.

खर्चाचं मात्र स्पष्ट विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय वर्गणी डॉलरात ठरते, तिच्यावर डिस्ट्रिक्टची आणि क्लबची वर्गणी, जेवणाचे पैसे, पदग्रहण समारंभ, कॉन्फरन्स. आमंत्रण देणारा माणूस वर्गणीचा आकडा सांगतो, वरचा खर्च सांगायचं राहून जातं. वर्षाचा सगळा मिळून किती, असंच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

लायन्सचा साचा बाहेरून असाच दिसतो. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांनी सुरू केलेली संस्था, तीही शिकागोचीच. तिथंही आमंत्रणावर प्रवेश, तिथंही १ जुलैला नवीन वर्ष आणि नवीन अध्यक्ष. रोटरीत नावाआधी 'रोटेरियन' लावतात, इथं 'लायन'. फरक कामाच्या ओढीत आहे. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी लढायचं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम ही या संस्थेची ओळख झाली. आपल्या तालुक्यांत लायन्स म्हटलं की लोकांना मोतीबिंदूचं शिबिर आठवतं ते त्यामुळेच. आता मधुमेहाच्या तपासण्याही त्यांच्याकडे बऱ्याच होतात.

शिबिराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्वयंसेवकाचं काम म्हणजे नेमकं काय हे तिथं दिसतं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा वर्ग. बाक भिंतीकडे सरकवलेले, फळ्याशेजारी तपासणीचा तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या चिन्हांचा तक्ता असतो. बोटं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. नोंदणीच्या टेबलावर नाव, वय, आधार कार्ड, कुणाचा तरी चालू फोन नंबर. मग रक्तदाब, साखर, डोळ्यांची तपासणी. डॉक्टर आणि नर्स आपलं काम चोख करतात. अडचण सुरू होते ती 'ऑपरेशन करावं लागेल' म्हटल्यावर. आजी म्हणते, म्हशीची धार कोण काढणार? दुसरीला वाटतं, डोळ्यात सुरी घालणार. तिसऱ्या आजोबांची साखर इतकी वाढलेली की ती उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करताच येत नाही, आणि ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणारं कुणी नसतं.

चांगल्या स्वयंसेवकाची गरज तिथं असते. आजीशी मराठीत, शेजारच्या वाडीतून आलेल्या अज्जीशी कन्नडमध्ये बोलायचं. ठरलेल्या दिवशी गाडी वेळेवर येते का बघायचं. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघते, पण थेंब पुढे काही आठवडे घालायचे असतात, डोक्यावरून पाणी घ्यायचं नसतं, चुलीच्या धुरापासून जपायचं असतं. थेंब संपले का, डोळा लाल झाला का, हे फोन करून विचारणारा माणूस ज्या क्लबात आहे, त्या क्लबाचं शिबिर खरं शिबिर. बॅनरवर 'भव्य' लिहिलेलं असो वा नसो.

दोन्ही क्लबांत एक दुखणं सारखं आहे. अध्यक्ष दर वर्षी बदलतो. येणाऱ्याला आपलं नवं काहीतरी करून दाखवायचं असतं, त्यात आधीच्या वर्षीचं काम सुटतं. शाळेला बसवून दिलेला पाण्याचा फिल्टर दुसऱ्या वर्षी कॅण्डल बदलायला कुणी नाही म्हणून कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून आत शिरण्याआधी तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम आज कसं आहे ते विचारा, जमलं तर जाऊन बघा. मला यापेक्षा चांगली परीक्षा सापडलेली नाही.

बायकांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये बायकांना सभासद म्हणून घ्यायला सुरुवात केली. तरी आपल्याकडे अजून 'तुम्ही इनर व्हीलला या ना' असं पटकन सुचवलं जातं. इनर व्हील १९२४ पासूनची, स्वतःच्या बळावर चाललेली बायकांची संस्था आहे आणि तिथं मोकळेपणाने काम करता येतं. पण तुम्हाला रोटरीतच जायचं असेल तर नवऱ्याच्या नावाच्या आडोशाने जाऊ नका, स्वतःच्या पेशावर सभासद व्हा.

वय चाळिशीच्या आत असेल तर जेसीज या तरुणांच्या संस्थेकडे बघा. तिथं सेवेइतकाच भर भाषण करणं, कार्यक्रम आखणं, माणसं सांभाळणं शिकण्यावर असतो. कॉलेजात असाल तर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, पुरे. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर मन लावून केलंत तर पुढे कुठल्याही संस्थेत उपयोग होतो.

आता गल्लीतलं मंडळ. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा थेट लोकमान्य टिळकांशी जोडलेली आहे आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते तेव्हा सगळं शहर रस्त्यावर असतं. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि ते पार पडलं ते गंगाधरराव देशपांडे यांच्या धडपडीवर व डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी तयार केलेल्या स्वयंसेवकांच्या शिस्तीवर. या मातीत स्वयंसेवक नवा नाही. मंडळाला फक्त वर्गणी आणि ढोल-ताशा म्हणून मोजणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ आठवून बघावा.

त्या महिन्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्या एकदम चढल्या. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, गोकाकच्या गावांत पाणी शिरलं, शहरात बळ्ळारी नाल्याने हाहाकार केला. अशा वेळी पहिल्या रात्री कामाला येतात ती गल्लीतली पोरं. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुणाच्या गोठ्यात दावं सोडायचं राहिलंय, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, हे त्यांना विचारावं लागत नाही. भाकरी गोळा करणं, शाळेत सतरंज्या पसरणं, ट्रॅक्टर मिळवणं, सगळं फोनाफोनीवर होतं. मोठे क्लब येतात ते नंतर, औषधं, ब्लँकेटं, भांडी, वह्या घेऊन, आणि तीही मदत हवीच असते. पण पहिली रात्र मंडळाची असते. क्लबाचं सामान आणि मंडळाची माहिती जिथं एकत्र येते, तिथं मदत नेमक्या घरी पोचते. ती गाठ घालून देणारा माणूस तुम्ही होऊ शकलात तर दोन्हीकडचं काम दुप्पट होईल.

मंडळाच्या उणिवाही सांगायला हव्यात. हिशेब बऱ्याच ठिकाणी वहीत असतो आणि वही एकाच्या घरी. नोंदणी नसेल तर देणगीदाराला करसवलतीची पावती देता येत नाही, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवलेला, पैसा तर दूरच. बऱ्याच मंडळांत निर्णय पुरुष घेतात, बायका हळदीकुंकू आणि महाप्रसादापुरत्या. नवीन भाडेकरूला आत शिरायला वेळ लागतो. तुम्हाला हिशेब येत असेल, कन्नड लिहिता-वाचता येत असेल, तर मात्र दार लगेच उघडतं. पालिका, पोलीस, तहसील सगळीकडचे कागद कन्नडमध्ये, आणि अर्ज नीट लिहिणारा माणूस मंडळाला सोन्यासारखा वाटतो.

रक्तदान शिबिर मंडळंही घेतात, क्लबही घेतात. कुठंही जा, नियम सारखेच: वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी. जयंतीच्या दिवशी शंभर बाटल्या गोळा होतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत रक्तपेढीत तुटवडा पडतो. गरजेला फोन केला की येतील अशा दात्यांची गटवार यादी ठेवणं, हे काम एका माणसाला घरबसल्या करता येतं आणि त्याला कुठल्याही पदाची गरज नाही.

ज्यांचा जीव मराठीत अडकलाय त्यांना मी वाचनालयाकडे पाठवीन. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं. तालुक्यांतली छोटी वाचनालयं आज माणसांअभावी सुकत चालली आहेत. संध्याकाळी दोन तास देवघेवीच्या टेबलावर बसणारं कुणी नाही म्हणून कपाटाला कुलूप लागतं. आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कारदगा या गावांची साहित्य संमेलनं बघा. कुठलं महानगर नाही, अनुदानाचा थाट नाही. ग्रंथदिंडी, कवींना आणणं-पोचवणं, आलेल्या सगळ्यांचं जेवण, हे गावकरी अंगावर घेतात. सकाळी दिंडीत टाळ वाजवणारा दुपारी पंगतीत वाढत असतो. इथं वर्गणीपेक्षा श्रमाला मोल आहे आणि आठवीतल्या मुलीलाही काम मिळतं. मराठी शाळांत गोष्टी वाचून दाखवणं, हस्तलिखित काढून घेणं, अशी कामं याच गोतावळ्यातून सुरू होतात. माझ्या मते सीमाभागातल्या मराठी माणसाने निदान एक वर्ष इथं द्यावंच.

मग ठरवायचं कसं? पैशाची ओढाताण नसेल, ओळखी असतील, मोठी यंत्रणा हलवायची हौस असेल, तर रोटरी. रुग्णांत, खेड्यांत जायची तयारी असेल तर लायन्स, पण फक्त तो क्लब, जो रुग्णाला नंतर फोन करतो. हातात पैसा कमी आणि अंगात जोर जास्त असेल तर मंडळ. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं यांनी वाचनालय धरावं, त्यांच्यासारख्या नेमस्त हातांची तिथं फार गरज आहे. दोन ठिकाणी पाय ठेवायला हरकत नाही. फक्त दोन्ही क्लबांत एकदम जाऊ नका; सभा, समारंभ यांतच सगळ्या संध्याकाळी संपतील.

क्लबात जायचं मनात असेल तर मे-जूनमध्ये पाहुणे म्हणून दोन-तीन सभांना बसा. जुलैची पदग्रहणं झाली की वर्षाच्या कमिट्या ठरलेल्या असतात. मंडळाची पहिली बैठक गणपतीच्या आधी महिना-दीड महिना होते, तिला जाऊन मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. वाचनालयाला मुहूर्त लागत नाही, उद्या संध्याकाळी गेलात तरी टेबलावर काम निघेल.