डोळ्यातला सिफिलिस: कंबरेतलं एक इंजेक्शन, रोजचं इंजेक्शन की चौदा दिवस अॅडमिट?

डोळा लाल, नजर धुरकट, समोर काळे ठिपके तरंगताहेत. अशा वेळी सिफिलिस, म्हणजे जुन्या भाषेतली गरमी, कुणाच्या मनातही येत नाही. थेंब बदलत आठवडे जातात आणि पडदा खराब होत राहतो.

युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, बरी होत नसेल तर सिफिलिससाठीच्या रक्ताच्या दोन्ही चाचण्या मागून घ्या: व्हीडीआरएल आणि टीपीएचए. रोग किती सक्रिय आहे ते व्हीडीआरएल आकड्यात सांगते, पण जुन्या आजारात ती कधी कधी निगेटिव्ह येते. तिथे टीपीएचए पकडते. मात्र बरे झाल्यावरही टीपीएचए बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे औषध लागू पडलं का हे तिच्यावरून कळत नाही. सोबत एचआयव्हीही तपासा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, सिफिलिसची तपासणी मोफत होते.

आता उपचार. बेंझाथिन पेनिसिलिनचं दुधासारखं दाट, 24 लाख युनिटचं इंजेक्शन सुरुवातीच्या साध्या सिफिलिसला एकदाच पुरतं. डोळ्याला ते पुरत नाही. औषध रक्तात हळूहळू उतरतं आणि डोळ्यात, मेंदूत पुरेसं पोचतच नाही. डोळ्यासाठी शिरेतून पेनिसिलिन लागतं: दर चार तासांनी 30 ते 40 लाख युनिट, 10 ते 14 दिवस. म्हणजे दिवसाला सहा डोस, त्यातला एखादा रात्री दोनला सिस्टर उठवून देणार. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप आला तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. जंतू मरताना असं होतं.

दुसरा पर्याय रोजच्या इंजेक्शनचा: सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक, 1 ते 2 ग्रॅम रोज एकदा, तेवढेच दिवस. घरून येऊन-जाऊन घेता येतं, पण त्यामागचा पुरावा पेनिसिलिनइतका भक्कम नाही. पेनिसिलिन खरोखरच चालत नसेल तेव्हाच मी त्याचा विचार करेन. गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच हवं. अॅलर्जी असेल तर रुग्णालयात हळूहळू सवय करून देतात.

नुसते स्टिरॉइड घेऊ नका. सूज उतरेल, रोग आत वाढेल.

बरेच जण एका इंजेक्शनवर अडतात ते चौदा दिवसांचं घरी काय सांगायचं म्हणून. 'डोळ्यात जंतुसंसर्ग झालाय, औषध शिरेतून द्यायचंय' एवढं सांगितलं तरी ते खोटं नाही. जोडीदाराला मात्र पूर्ण खरं सांगा, तपासणी त्यांचीही लागते.