न उघडलेल्या बोल्टची मजुरी

वडिलांची 2008 सालची वॅगनआर आता मी चालवते. राहायला कळव्यात, ऑफिस तुर्भ्याला, त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्ता रोजचाच. 2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा पर्यावरण कर भरून, पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. गाडीत जीव आहे म्हणूनच घेतली. या गाडीवर माझी 16,800 रुपयांची फसवणूक झाली. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाचीही अशी होऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर क्लच घसरायला लागला. घणसोलीच्या उड्डाणपुलावर चढताना इंजिनचा आवाज वाढायचा, वेग मात्र वाढायचा नाही. ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. "ताई, क्लच सेट गेलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून साडेनऊ हजार." दर रास्त वाटला, गाडी ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी फोन. "गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट जाम आहेत. पाना जात नाही, हात जात नाही. इंजिन थोडं खाली घ्यावं लागेल, मजुरी वाढेल." तिसऱ्या दिवशी पुन्हा. "एक बोल्ट आतच तुटला. लेथवाल्याला बोलावून काढला." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो: ग्रीसने काळ्या झालेल्या तळहातावर अर्धा तुटलेला, गंजका बोल्ट.

मी का विश्वास ठेवला तेही सांगते. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतो, त्यामुळे तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तो जे सांगत होता ते एरवी खरंच घडतं. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो आणि आटे एकमेकांना चिकटून बसतात. वरचे बोल्ट बॅटरी आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली, मागच्या पत्र्याला लागून असतात. तिथे साधा पाना फिरवायला जागाच नसते, आणि घाई केली तर बोल्टचं डोकं गोल होतं किंवा बोल्ट मोडतो. या खऱ्या अडचणीच्या आडून त्याने पैसे काढले.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद: क्लच सेट 6,200, मजुरी 4,900, बोल्ट काढणे 3,500, लेथ 2,200. पैसे यूपीआयने दिले. "ही तुमची जुनी प्लेट," म्हणत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत एक झिजलेली प्लेट दिली. क्लचचं पेडल हलकं वाटत होतं, गाडी नीट उचलत होती. समाधानाने घरी आले.

पाच आठवड्यांनी आईला घेऊन पनवेलला निघाले आणि मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी पुन्हा घसरू लागली. मागे कंटेनर, शेजारी आई घाबरलेली. ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. गॅरेजवाला आधी म्हणाला, नवी प्लेट बसायला वेळ लागतो. मग म्हणाला, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. त्यानंतर फोन उचलायचा बंद झाला.

मग शेजाऱ्यांनी कळव्यातल्या एका वयस्क मेकॅनिककाकांकडे पाठवलं. त्यांनी बॅटरी आणि फिल्टरचा डबा बाजूला केला, टॉर्च लावून मला वाकून बघायला सांगितलं. गिअरबॉक्सच्या वरच्या दोन्ही बोल्टवर तेल आणि धुळीचा काळा थर होता, डोक्यापासून कवचापर्यंत सलग, कुठेही तडा नाही. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तेव्हा तो खपलीसारखा निघाला. "यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, ताई. गिअरबॉक्स खाली आलेलाच नाही."

झालं होतं एवढंच: क्लच केबलचा नट फिरवून केबल सैल केली होती. प्लेट झिजत जाते तशी केबल ताणली जाते आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. सैल केली की महिनाभर गाडी बरी चालते.

काकांनी संध्याकाळीच बोल्टांच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी सहा कोनी गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, तिला वळणारा जोड, पुढे लांब एक्स्टेन्शन. आधी बोल्ट किंचित आवळल्यासारखा केला, मग सोडला. कट्ट असा आवाज आला आणि पहिला फिरला. एकही तुटला नाही. सगळ्यांचे आटे शाबूत होते, म्हणजे फोटोतला बोल्ट माझ्या गाडीचा नव्हताच. गिअरबॉक्स उतरल्यावर आतली प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली निघाली. पिशवीतली प्लेट तिच्यावर ठेवली, तर ती अंगठ्याच्या रुंदीने मोठी, मधले दातेही जुळेनात. ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची होती.

काकांनी आणखी एक खूण दाखवली. गिअरबॉक्स उतरवण्यासाठी अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, ओढून काढताना गिअर ऑइल सांडतं, म्हणून ते आधी काढून घेतात आणि शेवटी भरावंच लागतं. माझ्या त्या कागदावर गिअर ऑइलची ओळच नव्हती. तुमच्या बिलात क्लचचं काम असेल तर ही ओळ आधी शोधा. गाडी देण्यापूर्वी वरच्या बोल्टांचे फोटो काढा, जमल्यास डोक्यापासून कवचापर्यंत रंगाची एक रेघ मारा. बोल्ट फिरला की रेघ तुटते. जाम बोल्टचं कारण सांगितलं तर "थांबा, मी बघायला येते" म्हणा, आणि जाच. जुनी प्लेट नव्या प्लेटवर ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वहीचा तो कागद, यूपीआयची नोंद, तुटक्या बोल्टचा फोटो, काकांचं सही-शिक्क्याचं बिल आणि दोन्ही प्लेटा जपून ठेवल्या आहेत. काळा थर असलेल्या बोल्टांचे फोटोही काकांनी खरवडण्याआधीच मला काढायला लावले होते.