रुई की हळदीकुंकू? फुलपाखरांसाठी दारात काय लावावं

परदेशी व्हिडिओ बघून मिल्कवीड या चिकाच्या झाडाचं बी ऑनलाइन मागवणारे आणि मग त्यावर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखराची वाट बघणारे दोघे-तिघे मला माहीत आहेत. मोनार्क आपल्याकडे नाही. आपल्याकडे त्याचा भाऊबंद आहे, प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. त्याची अळी चिकाची झाडं खाते, आणि त्यातली दोन सोलापुरात सहज हाती लागतात: माळावरची रुई आणि नर्सरीतलं हळदीकुंकू. मी जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या पट्टीत दोन्ही लावली, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडं सांगू शकतो.

हळदीकुंकू दिसायला निःसंशय उजवं. लाल-पिवळे झुपके जवळजवळ बारा महिने, कुंडीत सुखाने राहतं, आणि एकाच रोपावर मोठ्या फुलपाखराला मध आणि अळीला पाला. रुईच्या फुलांवर मला भुंगेच जास्त दिसतात. मधासाठी फुलपाखरू हळदीकुंकवाकडेच वळतं. मूळचं हे झाड अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पण आपल्या बिबळ्या कडव्याने ते आपलंसं केलेलं आहे. नुसतं फुलपाखरू येऊन बसावं एवढीच इच्छा असेल, तर मी कुणाला अडवणार नाही.

माझी अडचण पाल्याची झाली. पहिल्या वर्षी दोन कुंड्या होत्या. श्रावणात मादी आली, पानाआड एकेक अंडं ठेवून गेली, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, पांढरट. मी हरखून गेलो. आठवडाभरात अकरा अळ्या मोजल्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. अळी बोटाच्या पेरापुढे गेली की खाणं कसं वाढतं, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी हिरवं असलेलं रोप सकाळी नुसत्या काड्या. नर्सरीत धावलो, नवीन रोप आणलं, तर त्यावर सोडलेल्या दोन अळ्या दुसऱ्या दिवशी लोळागोळा होऊन पडल्या. रोपावर फवारणी झालेली असणार, दुसरं कारण मला सुचत नाही. शेवटी होटगी रस्त्याच्या कडेची रुईची पानं आणून ठेवली. चार अळ्यांनी ती खाल्ली. बाकीच्या कुंडीच्या काठावरून गोल गोल फिरत राहिल्या, आणि ते बघणं मला फार जड गेलं. आपणच बोलावलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, रुईच्या शेंगा फुटून म्हाताऱ्या उडत होत्या तेव्हा थोडं बी जपून ठेवलं होतं. ते पट्टीत थेट जमिनीत टाकलं. रुईला कुंडी मानवत नाही, मूळ खोल जातं, आणि मोठं झाड उपटून लावलं तर बहुधा जगत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती छातीला लागली. तळहातापेक्षा रुंद, पांढुरकी लव असलेली पानं. एका पानावर एक अळी दोन दिवस सहज काढते. खायच्या आधी ती पानाची मधली शीर कुरतडून ठेवते, चीक तिथेच वाहून जातो, मग पुढचा भाग निवांत खाते. कोष पानाखाली लटकतो, हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. गेल्या तीन पावसाळ्यांत माझ्याकडे पाला एकदाही संपलेला नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. हळदीकुंकवाला तेव्हा रोज तांब्याभर लागतंच, नाहीतर माना टाकतं. रुईला मी उन्हाळ्यात पाणी घातलेलं आठवत नाही. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, मात्र दोन्हींवर येतो. औषध मारू नका, बोटाने पुसा किंवा पाण्याची धार मारा.

रुईला जागा हवी, ऊन हवं, आणि घरातल्यांची समजूत काढावी लागते, कारण दारात रुई नको म्हणणारे बरेच असतात. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं मागायला लोक येतात. नाही कसं म्हणायचं? मी स्वतः पान उलटून बघतो, अंडं-अळी नसलेली तोडून देतो. चीक जपून हाताळायचा. डोळ्यात गेला तर लगेच दुखेलच असं नाही, पण नजर धूसर होते. भरपूर पाण्याने धुवून थेट डॉक्टर गाठावा. लहान मुलं असतील तर हे आधी विचारात घ्या.

नुसती गॅलरी असेल तर हळदीकुंकूच घ्या, पण निदान सहा कुंड्या, आणि रोपं बियांपासून घरी केलेली. हातभर जमीन असेल तर माझं मत रुईच्या बाजूने पडतं. माझ्याकडे हळदीकुंकवाच्या त्या दोन कुंड्या अजून आहेत, रुईशेजारी, मधापुरत्या. रुई मी ज्येष्ठात, पावसाआधी, गुडघ्याएवढी छाटतो. कोवळा पाला फुटला की मादी बहुतेक वेळा त्यावरच उतरते.