प्रतिस्पर्ध्याकडून घेतलेली गाडी: ग्राहक संघाच्या पदरात काय पडते?

फॉर्म्युला वनमध्ये प्रतिस्पर्ध्याकडून ठरावीक भाग विकत घेण्याची जी मुभा आज आहे, ती नवख्या ‘ग्राहक’ संघासाठी, म्हणजे असे भाग विकत घेणाऱ्या संघासाठी, मला खरोखर मोलाची वाटते. हास संघाने 2016 मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन फेरारीकडून घेतले, चासी (गाडीचा मूळ सांगाडा) डल्लारा कंपनीकडून बनवून घेतली आणि पहिल्याच शर्यतीत त्यांचा चालक रोमाँ ग्रोजाँने सहावा क्रमांक मिळवला.

अख्खी गाडी विकत घेण्याचा इतिहासही देखणा आहे. 1961 च्या मोनॅको शर्यतीत स्टर्लिंग मॉसने रॉब वॉकरच्या खासगी संघाची, विकत घेतलेली लोटस 18 चालवली. उकाड्यामुळे तिच्या बाजूची आवरणे काढून टाकलेली होती, आत बसलेला मॉस उघडा दिसत होता, आणि त्या जुन्या गाडीने अधिक ताकदीच्या फेरारींना शेवटपर्यंत मागे ठेवले. टिरेल संघाने 1970 मध्ये ‘मार्च’ कंपनीच्या गाडीवर स्पेनची शर्यत जिंकली. मात्र त्याच हंगामात स्वतःची गाडी उतरवली आणि 1971 ची चालक आणि संघ अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली.

माझा आक्षेप इथेच आहे. तयार गाडी घेणारा संघ विकणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, आणि आपली सर्वोत्तम आवृत्ती कोण हातची देईल? 2020 मध्ये रेसिंग पॉइंट संघाच्या मागच्या ब्रेक डक्टची (ब्रेक थंड ठेवणाऱ्या हवेच्या मार्गाची) रचना, जी संघाने स्वतः करायला हवी होती, ती मर्सिडीजची ठरली, तेव्हा 15 गुण कापले गेले आणि चार लाख युरो दंड झाला. तो निर्णय मला योग्य वाटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जरूर विकत घ्यावेत, पण हवेशी झुंजणारा गाडीचा आकार संघाने स्वतःच घडवावा.