विंडोजशेजारी लिनक्ससाठी पार्टिशन काढलं, त्याला नऊ महिने झाले

नऊ महिन्यांपूर्वी मी लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी, डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन) काढून, लिनक्स मिंट २२ ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आजही दोन्ही एकाच हार्ड डिस्कवर नीट चालतात. जागेचा हिशेब मात्र पहिल्यांदा चुकला आणि तिसऱ्या महिन्यात अर्धं काम पुन्हा करावं लागलं. ‘लिनक्ससाठी किती जीबी सोडू?’ या प्रश्नापाशी जे आत्ता अडले असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझी डिस्क १ टीबीची, फिरणारी, एसएसडी नव्हे. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. सी ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त रिकामा होता. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडलं, तर म्हणे जेमतेम १८ जीबी सोडता येतील. पाचशे जीबी मोकळे असताना अठराच का, हे समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

ड्राइव्ह लहान होतो तो शेवटच्या टोकाकडून. त्या बाजूला एखादी न हलणारी फाइल बसली असेल, तर तिच्या अलीकडे कितीही जागा मोकळी असली तरी गाडी तिथेच अडते. शेताचा बांध आत सरकवायचा आहे आणि नेमकी कडेलाच विहीर आहे, तसं. अशा फाइली मुख्यतः तीन ठिकाणच्या: हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप झोपवताना मेमरीतलं सगळं हिच्यात ठेवलं जातं), पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि सिस्टिम रिस्टोरचा साठा (विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या प्रती). नेमकी कोणती आडवी आली, ते इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत नावासकट सापडतं. ही नोंद आधी वाचा, अंधारात चाचपडणं वाचेल. माझ्याकडे आधी हायबरनेशनची फाइल निघाली. ती बंद केल्यावर पेजफाइल आडवी आली. मग पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोरचा साठा करणारी सोय) दोन्ही तात्पुरतं बंद केलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, एकदा डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) चालवलं आणि आकडा चारशे जीबीच्या पुढे गेला. (डीफ्रॅग माझ्या फिरणाऱ्या डिस्कसाठी होतं. एसएसडी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.)

याच्या आधी दोन कामं केली होती आणि ती कुणीही टाळू नयेत. सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असल्यामुळे त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून मगच तो थांबवला. बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, मांडणीत बदल झाला की विंडोज ही की मागू शकतं आणि ती जवळ नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही.

श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो. ४० जीबी हवे असतील तर ४०९६० लिहायचं. तेवढे मी सोडले. सुटलेला भाग ‘अनअलोकेटेड’ असाच ठेवला, त्याचा नवा ड्राइव्ह केला नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडून त्या रिकाम्या जागेवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत) पार्टिशन केलं. ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात, म्हणून त्याला फॉरमॅटची खूण केली नाही. हा भाग वीस मिनिटांत उरकला.

चूक झाली ती ४० मध्ये. मिंटची किमान गरज २० जीबी, त्याच्या दुप्पट म्हणजे भरपूर, असं मी धरलं. मिंटवाले स्वतः १०० जीबी सुचवतात, तिकडे काणाडोळा केला. पहिला महिना आरामात गेला. मग फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर प्रोग्राम घेण्याची एक सोय) चार-पाच प्रोग्राम घेतले आणि प्रत्येकाबरोबर त्याचे रनटाइम, म्हणजे तो चालायला लागणाऱ्या जोडफाइली, उतरले. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाण्यासाठी घेतलेल्या सिस्टिमच्या प्रती, मी त्याच पार्टिशनवर ठेवले होते. पहिला स्नॅपशॉट जवळपास सिस्टिमएवढीच जागा घेतो, पुढचे फक्त बदललेल्या फाइलींपुरती. तिसऱ्या महिन्यात एक अपडेट जागेअभावी मध्येच थांबला.

जुने स्नॅपशॉट काढून तात्पुरतं भागलं, पण जागा वाढवणं भाग होतं. इथे पहिल्या वेळी न दिसलेली गोष्ट कळली. सी पुन्हा ६० जीबीने लहान केला की मोकळी जागा येते सी आणि लिनक्स यांच्या मध्ये, म्हणजे लिनक्सच्या डाव्या बाजूला. पार्टिशन उजवीकडे वाढवणं सोपं असतं. डावीकडे वाढवायचं तर त्याची सुरुवातच सरकवावी लागते आणि आतला सगळा डेटा डिस्कवर नव्या जागी लिहिला जातो. चालू लिनक्समधून हे होत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रामने केलं. मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, हे तो आधीच बजावतो. चार्जर लावला, बॅटरी पूर्ण भरलेली आहे हे पाहिलं आणि सव्वा तास लॅपटॉपला हातही लावला नाही. पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तोच राहिल्यामुळे ग्रब, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा प्रोग्राम, जसाच्या तसा चालला. पण तो सव्वा तास मी अक्षरशः जीव मुठीत धरून काढला. पहिल्याच वेळी १०२४०० टाकलं असतं तर ही वेळ आली नसती.

आज त्या १०० जीबीपैकी ५८ वापरात आहेत. स्नॅपशॉट तीनच ठेवते. व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत दुसरी) चालवणाऱ्यांनी १५० जीबीच्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे.

आणखी एका गोष्टीने बरेच दिवस छळलं. लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह उघडायचा, पण त्यात काही साठवता येत नसे. कारण फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. काम झाल्यावर मी हायबरनेशन परत चालू केलं, तेव्हा हेही गुपचूप चालू झालं होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती एक खूण काढली आणि त्रास संपला. सिस्टिम बदलली की घड्याळही दर वेळी काही तास पुढे-मागे दाखवायचं, कारण विंडोज लॅपटॉपच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितली, तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ दिसते.