विद्यापीठाचं संकेतस्थळ: टेबलांचं जुनं की फोनवरचं नवं?

१९९०च्या दशकाअखेरचं विद्यापीठाचं संकेतस्थळ आठवा. पान टेबलांच्या, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांच्या, चौकटींवर उभं, रुंदी ८०० पिक्सेलच्या पडद्यापुरती, वर सरकती सूचना, 'नवीन' म्हणत लुकलुकणारं चित्र आणि तळाशी भेटींचा आकडा. दिसायला गबाळं; पण टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ डायल-अप इंटरनेटवरही उघडायचं, आणि डावीकडच्या निळ्या दुव्यांत परीक्षा, निकाल, ग्रंथालय एका नजरेत सापडायचं.

२०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉटनं 'रिस्पॉन्सिव्ह', म्हणजे पडद्याच्या मापानुसार बदलणाऱ्या, रचनेची कल्पना मांडली आणि एकच पान फोनपासून मॉनिटरपर्यंत कुठेही नीट बसू लागलं. हा फायदा खरंच मोठा. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही टेबलात टेबल म्हणजे कोडंच. नीट मथळे दिलेलं पान तो सरळ वाचतो.

नव्याची खोड वेगळी. उघडताच हिरवळीवर हसणारे विद्यार्थी, तेही आळीपाळीनं सरकणारे. वेळापत्रक मात्र तीन आडव्या रेघांच्या मेनूत, तिथून विभाग, तिथून पीडीएफ. ते स्कॅन केलेलं असलं की फोनवर बोटांनी ताणत बसणं आलंच! प्रवेश घेऊ पाहणाऱ्याला नवं भावेल. आत शिकणाऱ्यासाठी मी जुनी निळी यादीच नव्या साच्यात बसवून देईन.