आरएनएआयच्या थीसिसला लाल भुंगेरा घ्यावा का गुलाबी बोंडअळी?

माझा मावसभाऊ परभणीला कीटकशास्त्रात एमएस्सी करायलाय, आठ दिवसांपासून एकच विचारतोय, दादा आरएनएआयवर (आरएनए इंटरफेरन्स, म्हणजे आरएनए वापरून ठराविक जीनचं काम बंद पाडायची पद्धत) काम करायचंय, पिठातला लाल भुंगेरा घेऊ का बोंडअळी? अजूनही पोरं ह्याच पेचात असतील म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

दोन्हीत यंत्रणा तीच. जीनला हात लागत नाही, त्याच्यावरून निघालेला एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप, तेवढा कापला जातो. आपण जुळणारा डबल स्ट्रँड (दोन धाग्यांचा) आरएनए आत सोडायचा, डायसर-२ हे पेशीतलं एन्झाइम त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे करतं, आर्गोनॉट-२ हे दुसरं प्रोटीन त्यातला एक धागा धरून तसाच एमआरएनए हुडकतं आन तोडतं, की प्रोटीन बनायचं थांबलं.

खरा फरक आरएनए पेशीत पोचतो का नाही, इथं आहे. भुंगेऱ्याला एकदा टोचलं की परिणाम अंगभर, मादीला टोचलं तर तिच्या पिलांतसुद्धा दिसतो. पीठ आणि ३० अंशाच्या आसपास तापमान दिलं की महिन्याभरात पिढी तयार, एखादा प्रयोग फसला तरी परत करायला वेळ उरतो. अळीचं तसं नाही, पतंगवर्गातल्या अळ्यांचं आतडं अल्कधर्मी, त्यात न्युक्लिएज (आरएनए तोडणारी एन्झाइम) भरपूर, आरएनए तिथंच तुटून जातो आणि जो पेशीत शिरतो तोही बराचसा एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्यांत, अडकून बसतो, म्हणून डोस वाढवूनही रिझल्ट एकसारखे येत नाहीत. आणि फवारायचं म्हणलं तर ही अळी बोंडाच्या आत!

बाजारात बघा ना. अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालेला आरएनएआय मका मुळं खाणाऱ्या रूटवर्मसाठी, २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झालेलं फवारायचं लेडप्रोना हे डबल स्ट्रँड आरएनएचं औषध बटाट्यावरच्या कोलोरॅडो बीटलसाठी. दोन्ही भुंगेरेच.

तरी बोंडअळी सोडवत नाही हे मला कळतं. २०१७ ला आमच्या शेतात कपाशीवर डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) दिसल्या, पुढं बोंड फोडलं की आत अळी, ते अजून डोळ्यासमोर आहे. पण दोन वर्षांच्या एमएस्सीला मी भुंगेराच सांगीन, जीएफपीचा (भुंगेऱ्यात नसलेल्या जीनचा) आरएनए तुलनेसाठी कंट्रोल म्हणून ठेवून आणि परिणाम त्याच जीनचा आहे याची खात्री व्हावी म्हणून एकाच जीनचे दोन वेगळे तुकडे वापरून. बोंडअळी पीएचडीला घ्या. आणि आत्ताच घ्यायची असेल तर जीन बंद करायच्या मागं लागू नका, अळीच्या आतड्याच्या रसात आरएनए किती मिनिटं टिकतो तेवढंच जेलवर नीट मोजा, तेवढ्यावरही थीसिस उभा राहतो.